दाढीचा फेस पाण्यावर ठरतो

दाढीच्या साबणाची वडी आणि ब्रश नव्याने हाती घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: फेस येतो, पण टिकत नाही. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळतो, पातं ओढायला लागतं आणि सगळा दोष साबणाच्या माथी मारला जातो. माझ्या मते साबण क्वचितच वाईट असतो. बिनसतं ते पाण्यात. कधी त्याचं प्रमाण चुकतं, कधी ते पाणीच जड, म्हणजे क्षारांचं असतं.

फेस नेमका कशासाठी लागतो, हे आधी पाहू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना ज्या बंधांनी धरून ठेवतात, त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सैल पडतात. पुरता भिजलेला केस जाडीला साधारण 15 टक्के फुगतो, मऊ होतो आणि तो कापायला बराच कमी जोर लागतो. पण त्यासाठी दोन-तीन मिनिटं तरी पाणी केसाला लागून राहायला हवं. नुसतं पाणी मारलं तर ते ओघळून जातं, शिवाय त्वचेचा तेलकटपणा त्याला केसापर्यंत नीट पोचू देत नाही. साबण हा तेलकटपणा काढतो आणि फेस पाण्याला गालावर थोपवून धरतो. ज्या फेसात पाणी कमी, तो कितीही पांढराशुभ्र आणि भरगच्च दिसला तरी कामाचा नाही.

दाढीची वडी अंगाच्या साबणापेक्षा वेगळी असते ती याचसाठी. अंगाचा साबण बहुधा सोडियमचा, म्हणून कडक. दाढीच्या साबणात पोटॅशियमचाही वाटा असतो. तो साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. दुसरा फरक स्निग्धाम्लांचा, म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लांचा. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लापासून झालेला साबण झटकन फेसाळतो, पण बुडबुडे मोठे येतात आणि लवकर बसतात. स्टिअरिक आम्लाचा साबण फेसायला वेळ घेतो, मात्र त्याचा फेस दाट आणि चिवट असतो. दाढीच्या चांगल्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. जोडीला ग्लिसरीन असलं की फेस सावकाश वाळतो.

बुडबुडा लहान हवा, यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या आतल्या हवेचा दाब जास्त. त्यामुळे लहान बुडबुड्यातली हवा पातळ पडद्यातून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात हळूहळू झिरपते. लहान विरतो, मोठा आणखी मोठा होतो आणि शेवटी फुटतो. त्याच वेळी पडद्यांमधलं पाणी खाली निथळत असतं. सगळे बुडबुडे बारीक आणि जवळपास सारख्या आकाराचे असले, तर या दोन्ही गोष्टी मंदावतात. ब्रशचं काम इथेच असतं. त्याचे केस आधी हवा आत ओढतात आणि मग मोठे बुडबुडे चिरत जातात. म्हणून फेस घोटावा लागतो, घाईने चार फेरे मारून भागत नाही.

ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर आधी काही मिनिटं भिजत ठेवावा. कोरडा वापरला तर तोच पाणी पिऊन बसतो. मग झटकून घ्यावा, ओला राहील पण गळणार नाही इतपत. वडीवर अर्धा मिनिट तरी फिरवावा. पहिल्यांदा येते ती चिकट, निस्तेज लगदी, आणि बरेच जण तिलाच फेस समजून थांबतात. खरं काम इथून पुढे. ब्रशची टोकं पाण्यात जेमतेम बुडवायची, वाटीत किंवा थेट गालावर घोटायचं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा घोटायचं. दर वेळी फेसाचा रंगढंग बदलतो. एका क्षणी निस्तेजपणा जातो, ओली चकाकी येते, सुटे बुडबुडे दिसेनासे होतात आणि फेस घोटलेल्या श्रीखंडासारखा ब्रशवरून सावकाश वाकतो. तिथे थांबावं. त्यापुढे पाणी घातलं की तो ओघळायला लागतो. मग थोडा साबण वाढवावा.

आता जड पाण्याकडे वळू. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी गाठ पडली की त्यांचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. तानसा, भातसा, वैतरणा यांसारख्या तलावांचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस, त्यात फेस लवकर येतो. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको.

पण जड पाणी साबण खाऊन टाकतं, हे दाढीच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. हिशेब करू. जडपणा 300 असलेलं एक लिटर पाणी सुमारे दोन ग्रॅम साबण निकामी करतं. एका दाढीच्या फेसाला पाणी लागतं फार तर 20 मिलिलिटर. म्हणजे वाया जाणारा साबण 40 मिलिग्रॅमच्या आसपास, वडीवरून घेतलेल्या ग्रॅमभर साबणापुढे अगदी किरकोळ. तरीही फेस बसतो, कारण साक्याचे बारीक कण बुडबुड्यांच्या पडद्यात शिरून ते फोडतात. घाव साबणाच्या मात्रेपेक्षा फेसाच्या टिकाऊपणावर बसतो.

याच हिशेबात उपायही आहे. इतकंसं पाणी लागतं, तर ते चांगलं घ्यायला काय हरकत आहे? ब्रश भिजवायला आणि फेस घोटायला अर्धी वाटी आरओचं किंवा पावसाचं पाणी पुरतं. चेहरा नंतर नळाच्या पाण्याने धुतला तरी चालेल. पाणी उकळून, गार करून, गाळून घेतलं तर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा खाली बसतो. सल्फेट-क्लोराइडचा मात्र उकळून जात नाही. तेवढंही जमण्यासारखं नसेल तर साबण सढळ हाताने घ्यावा.

साका ब्रशच्या मुळाशीही साचतो, केस ताठर होतात आणि नीट पसरत नाहीत. अशा वेळी पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळून ब्रशचे केस त्यात काही मिनिटं बुडवावेत, मग थोड्या साबणाने घोळवून स्वच्छ धुवावा आणि झटकून हवेशीर जागी वाळवावा.