आल्बारिन्यो
आल्बारिन्यो : स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसिया प्रांतात होणारी पांढऱ्या द्राक्षाची जात व तिच्यापासून बनणारी वाइन. तिचे मुख्य क्षेत्र रीआस बायशास होय. ‘रीआ’ म्हणजे समुद्राचे पाणी आतवर शिरलेले नदीचे मुख. मिन्यो नदीपलीकडे पोर्तुगालमध्ये हीच जात अल्वारिन्यो या नावाने लावली जाते.

जातीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. क्लूनीच्या, किंवा दुसऱ्या एका परंपरेनुसार सिस्टर्शियन पंथाच्या, ख्रिस्ती भिक्षूंनी साधारणतः बाराव्या शतकात ही वेल ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून आणली, असे स्थानिक लोक दीर्घकाळ मानत आले असून या कथेत आर्मेंतेइराच्या मठाचा उल्लेख हटकून येतो. ‘आल्बा’ म्हणजे पांढरा आणि ‘रिन्यो’ म्हणजे ऱ्हाइनचा अशी नावाची फोड याच समजुतीतून निघाली व त्यावरून ही जात रीसलिंग या पांढऱ्या जर्मन द्राक्षाची वंशज ठरवली गेली. ही फोड लोकव्युत्पत्ती वाटते. नावात ‘पांढरा’ हा अर्थ असावा, एवढेच सावधपणे म्हणता येते. डीएनए परीक्षणात रीसलिंगशी तसे नाते आढळलेले नाही, त्यामुळे ही जात इबेरियन द्वीपकल्पाच्या वायव्य भागातीलच असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. केवळ पानाघडांच्या रूपावरून जात ओळखणे किती फसवे असते, हे ऑस्ट्रेलियात दिसून आले. तेथे आल्बारिन्यो म्हणून लावलेल्या वेली प्रत्यक्षात साव्हान्यँ जातीच्या असल्याचे २००९ मध्ये डीएनए परीक्षणाने निश्चित झाले आणि त्यांच्या वाइनला नवे नाव द्यावे लागले.

जमीन ग्रॅनाइटच्या भुग्याची, हवा दमट आणि पाऊस भरपूर, म्हणून वेली जमिनीलगत न ठेवता ग्रॅनाइटच्या खांबांवर उभारलेल्या मांडवावर चढवतात. नाशिककडील बागायतदारांना ही रचना ओळखीची वाटेल. खालून वारा खेळत राहिल्याने केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांना आळा बसतो आणि मांडवाखालच्या जमिनीत पूर्वी बटाटे व भाजीपालाही घेत. तोडणी करणारे मांडवाखाली उभे राहून, हात डोक्यावर नेऊन एकेक घड कात्रीने काढतात. बहुतेक बागा अगदी लहान तुकड्यांच्या असल्याने हे काम आजही हातानेच होते. जाड सालीचे बारीक मणी हे या जातीचे लक्षण आहे.

१९८० मध्ये या वाइनला जातीच्याच नावाने कायदेशीर संरक्षण मिळाले होते. परंतु १९८६ मध्ये स्पेन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यावर प्रदेशाचे नाव वापरणे आवश्यक ठरले आणि १९८८ मध्ये ‘रीआस बायशास’ हे उगमक्षेत्र दर्शवणारे अधिकृत नामांकन अस्तित्वात आले. त्याच्या पाच उपविभागांपैकी साल्नेस खोरे सर्वांत जुने व महत्त्वाचे मानले जाते. तेथील काम्बादोस गावात १९५३ पासून आल्बारिन्योचा उत्सव भरतो. याच गावातील जुन्या दगडी वाड्यात असलेल्या पालासिओ दे फेफिन्यानेस या वाइनरीने १९२८ मध्ये आल्बारिन्यो हे नाव आपल्या बाटलीवर आणले. तिच्या नेहमीच्या ताज्या वाइनबरोबरच लाकडी पिंपात आंबवलेली ‘१५८३’ आणि टाकीत दीर्घकाळ मुरवलेली ‘तेर्सेर आन्यो’ या वाइन प्रसिद्ध आहेत. आल्बारिन्यो वर्षभरात संपवावी, हा समज अशा मुरवलेल्या बाटल्या चाखल्यावर टिकत नाही.

वाइनला सफरजन, पीच व लिंबाच्या सालीचा गंध असतो. तिचा आंबटपणा ठळक असल्याने माशावर पिळलेल्या लिंबाचे काम ती स्वतःच करते. म्हणूनच रीआमधील तराफ्यांना टांगलेल्या दोरांवर वाढवलेल्या शिंपल्यांशी, पेर्सेबेस या खडकाला चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जिवांशी आणि भाजलेल्या स्कॅलपशी तिची जोडी उत्तम जमते. तिच्याबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या ‘पुल्पो आ फेइरा’ या पदार्थात उकडलेला ऑक्टोपस कात्रीने कापून लाकडी ताटलीत घेतात आणि त्यावर ऑलिव्ह तेल, जाडे मीठ व पिमेंतोन ही लाल मिरचीची पूड घालतात. पिंपात आंबवलेल्या वाइनबरोबर मात्र तेतिल्या हे मऊ, लोण्यासारखे चीज अधिक शोभते.