निकाल १९५४ चा, पुरावा पन्नास वर्षांनी

१९४९-५० या शालेय वर्षात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या क्लॅरेंडन काउंटीत एका गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांना शाळेत पोहोचवायला ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती; ती मैलोन्‌मैल चालत जात. त्यांच्या पालकांनी सुरुवातीला मागितली होती ती फक्त एक बस. ती नाकारली गेली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे अशाच आणखी चार खटल्यांसोबत ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाने जग ओळखतं तो हाच एकत्रित खटला. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वर्णावरून वेगळ्या केलेल्या सरकारी शाळा मुळातच असमान असतात.

या खटल्यात न्यायालयासमोर एक मानसशास्त्रीय पुरावाही आला होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या दाम्पत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे दोन प्रकारच्या बाहुल्या ठेवल्या, एक गोरी आणि एक तपकिरी. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. ऐकूनच पोटात कालवतं, आणि म्हणूनच हा प्रयोग आजही सगळीकडे सांगितला जातो. पण वेगळ्या शाळांविरुद्धचा पुरावा म्हणून तो लंगडा होता. उत्तरेकडच्या, एकत्र शाळेत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा कलही गोऱ्या बाहुलीकडेच होता, किंबहुना किंचित जास्त. मुलांच्या मनावरचा घाव खरा होता, पण तो एकट्या शाळेने केलेला नव्हता.

मग एकत्र शाळेने मुलांचं नेमकं काय झालं, हे कळायचं कसं? अडचण उघड आहे. एकत्र शाळेत गेलेली आणि न गेलेली मुलं सरळ शेजारी ठेवून तुलना केली, तर फरक शाळेमुळे पडला की घरच्या परिस्थितीमुळे, हे सांगता येत नाही. धीट, शिकलेले किंवा थोडे बऱ्या परिस्थितीतले पालक आपल्या मुलांना आधी पुढे पाठवत असतील, तर श्रेय शाळेला द्यायचं की पालकांना?

या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एका विलंबामुळे, आणि तो विलंब अन्यायाचाच होता. १९५५ च्या पुढच्या आदेशात न्यायालयाने मुदत घातली नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी मग जमेल तितकी टाळाटाळ केली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र शाळा नकोत म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाल्या, कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षं गेली ती गेलीच. निकालाला दहा वर्षं झाली तेव्हा, १९६४ मध्ये, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी जेमतेम २.३ टक्के गोऱ्यांचं बहुमत असलेल्या शाळांत होते. १९८८ पर्यंत हे प्रमाण ४३.५ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात शाळा चालवणाऱ्या अनेक स्थानिक जिल्ह्यांना स्वतंत्र खटल्यांतून वेगवेगळ्या वर्षी शाळा एकत्र करण्याचे आदेश मिळत गेले. एखाद्या गावात आदेश आला तेव्हा थोरला भाऊ शाळा संपवून बाहेर पडलेला असायचा आणि धाकटी बहीण पहिलीत असायची. आईबाप तेच, घर तेच, वस्ती तीच. बदलली ती शाळा.

बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी हा फरक वापरला. मिशिगन विद्यापीठाने १९६८ मध्ये सुमारे पाच हजार कुटुंबांची पाहणी सुरू केली होती आणि त्या कुटुंबांतल्या मुलांचा माग ती मोठी होऊन स्वतंत्र झाल्यावरही सोडला नव्हता. ही पाहणी मुळात गरिबी आणि उत्पन्न समजून घेण्यासाठी होती. जॉन्सन यांनी त्यातली १९४५ ते १९६८ दरम्यान जन्मलेली माणसं घेतली, ती वाढली त्या जिल्ह्यात न्यायालयाचा आदेश कधी आला ते जोडलं, आणि कोणाला एकत्र शाळेची किती वर्षं मिळाली ते मोजलं.

आदेशानंतरच्या शाळेत पाच वर्षं काढलेल्या कृष्णवर्णीय मुलांची मोठेपणी कमाई सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि गरिबीत राहण्याची शक्यता ११ टक्के बिंदूंनी घटलेली. शिक्षण वाढलं, तुरुंगात जाण्याचं प्रमाण कमी झालं, मध्यमवयातली तब्येतही सुधारली. जितकी वर्षं जास्त, तितका परिणाम मोठा. आदेश आला तेव्हा शाळा संपलेल्यांमध्ये असा काही बदल नव्हता. जॉन्सन पुढच्या पिढीकडे गेले तेव्हा या मुलांच्या मुलांमध्येही वाचन आणि गणितातली प्रगती दिसली. दहावीतले गुण बघून शाळेबद्दल मत ठोकून देण्याची सवय आपल्यालाही आहे. इथे परिणामाचा मोठा भाग दिसला तो वयाच्या तिशी-चाळिशीत, पगारात आणि तब्येतीत.

हे घडलं कशाने? गोऱ्या मुलाच्या शेजारी बसल्याने कृष्णवर्णीय मूल हुशार होतं, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा आहे आणि अपमानास्पदही. जॉन्सन यांच्या आकड्यांत दिसतं ते असं: ज्या जिल्ह्यांत आदेशानंतर दर विद्यार्थी खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले, तिथे परिणाम ठळक होता, जिथे खर्च हलला नाही, तिथे तो फिका पडला. वजनदार पालकांची मुलं ज्या इमारतीत बसतात तिथे पैसा पोहोचतो. क्लॅरेंडन काउंटीतले १७९ आणि ४३ हे आकडे एकाच छताखाली टिकू शकत नव्हते.

गोऱ्या पालकांना भीती होती की आपल्या मुलांचं नुकसान होईल. जॉन्सन यांना गोऱ्या मुलांच्या शिक्षणात, कमाईत किंवा तब्येतीत कोणताही वाईट परिणाम आढळला नाही. याच प्रश्नावरचं एक सुंदर संशोधन दिल्लीत झालं आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन घेतलेल्या दिल्लीतल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी २० टक्के जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. काही शाळा अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरानुसार पाडत. त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल येणार हे केवळ नावावर ठरत होतं, पालकांच्या इच्छेवर नाही. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगवान गरीब मुलाला डावलून हळू पळणारा श्रीमंत मुलगा घेण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, गणित आणि हिंदीत फरक नव्हता. माझ्या मते हा सौदा कुठल्याही पालकाने आनंदाने पत्करावा असा आहे.

पण सरासरीच्या आकड्यांत एक गोष्ट झाकली जाते. ही किंमत कोणी मोजली? १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सहा-सहा वर्षांच्या चार मुली गोऱ्यांच्या दोन शाळांत पहिल्यांदा गेल्या. त्यांतली रूबी ब्रिजेस एकटीच एका शाळेत होती. संघराज्याचे सशस्त्र मार्शल तिच्या मागेपुढे चालत आणि बाहेरची गर्दी शिव्या देत असे. एक बाई तिला रोज विष घालण्याची धमकी द्यायची. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवलं. रूबीच्या वडिलांची नोकरी गेली. तिने डबा खाणं सोडून दिलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स तिला नियमित भेटत, आणि इतक्या ताणाखाली ती इतकी खंबीर कशी राहते याचं त्यांना नवल वाटे. मला मात्र राग येतो तो या खंबीरपणाचं कौतुक करून थांबणाऱ्यांचा. देशाने करायचं काम सहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकलं गेलं.

दुसरं नुकसान कमी सांगितलं जातं. शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या, आणि घरी गेले ते त्यांचे शिक्षक. दक्षिणेत आणि तिच्या सीमेवरच्या राज्यांत मिळून सुमारे ३८ हजार शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. याचं मोल अलीकडे कळलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या गरीब कृष्णवर्णीय मुलग्यांना तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तरी त्यांच्यात शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. मुलं एकत्र आणली, पण त्यांना ओळखणारी माणसं वर्गाबाहेर काढली. हे टाळता आलं असतं.

१९९० नंतर न्यायालयांनी एकेक आदेश मागे घ्यायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात २००२ मध्ये वर्णाचा विचार करून शाळा ठरवणं थांबलं, नव्या हद्दी आखल्या गेल्या आणि त्या रेषांनी शेजारच्या घरांतली मुलं वेगवेगळ्या शाळांत गेली. जिथे अल्पसंख्य मुलांचं प्रमाण वाढलं तिथे गुण घसरले आणि गरीब अल्पसंख्य मुलग्यांमध्ये पुढे गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण वाढलं. प्रशासनाने त्या शाळांना जादा पैसे दिले. संशोधकांच्या मते त्याने अभ्यासातलं नुकसान बरंच भरून निघालं, पण गुन्ह्यांवर काही परिणाम झाला नाही. म्हणजे पैसा आवश्यक आहे, पण सोबतीचं काम तो करू शकत नाही.

शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता. त्याच महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्या जागांवर तेव्हा पहिलीत बसलेली मुलं २०४८ च्या सुमारास तिशीत येतील. मिशिगनने १९६८ मध्ये घेतल्या तशा त्यांच्या नोंदी आपल्या विद्यापीठांनी आत्ताच घ्यायला सुरुवात करायला हवी: कोण कुठल्या बाकावर बसलं, कोणाशी मैत्री झाली, कोणाला मधल्या सुट्टीत एकटं बसावं लागलं.