मिसळणं आणि विरघळणं

पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला शिकायला आलेल्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दिवाळीपर्यंत दोघी शहरी मराठी बोलू लागतात. घरून फोन आला की एक मैत्रिणींच्या घोळक्यातच आपल्या डांगी बोलीत बोलते, आईनं दिलेली नागलीची भाकरी सगळ्यांना वाटते. दुसरी फोन घेऊन जिन्याखाली जाते. दोघींबद्दल शेरा मात्र एकच: ‘छान रुळली हो!’

पहिली मिसळली आहे. दुसरी विरघळते आहे.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी दोन प्रश्न विचारतात. आपलं जपायचं आहे का? नव्या लोकांशी नातं जोडायचं आहे का? दोन्हींना ‘हो’ म्हणजे मिसळणं. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणजे विरघळणं. बाहेरून फक्त दुसरं उत्तर दिसतं, म्हणून आपली गल्लत होते. बेरी आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या ५,००० हून अधिक स्थलांतरित कुटुंबांतल्या किशोरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दोन डगरींवर पाय ठेवू नये असं आपण म्हणतो, पण त्या अभ्यासात दोन्हीकडची झालेली मुलंच मनानं आणि व्यवहारात सर्वांत सावरलेली दिसली.

मग दुसरीनं हट्टानं डांगी बोलावी का? इतकं सोपं नाही ते. पहिल्याच आठवड्यात तिच्या बोलण्याची कुणी नक्कल केली असेल, तर जिना तिनं निवडलेला नाही. समोरचा समाज जागा देत असेल तरच मिसळता येतं, हे बेरीही सांगतात.

नाशिकला हे वेगळं सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं बंद करून घेतली गेली. पुढं ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी नाशिकचे आपले सहकारी भाऊराव (दादासाहेब) गायकवाड यांना स्पष्ट लिहिलं, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं म्हणून होती. म्हणजे देवळाच्या पायरीवर बसलेली ती माणसं विरघळायला आलीच नव्हती. माणूस म्हणून बरोबरीनं आत जायचं होतं. दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून जवळच, येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली.

जिन्याखालच्या मुलीला ‘मराठी सुधारली’ म्हणण्याआधी एकदा विचारा, नागलीला तुमच्याकडे काय काय करतात? आणि ती सांगेल तेव्हा मध्येच तिचे शब्द दुरुस्त करू नका.