मेनू (संगणक)

एखादा प्रोग्राम काय काय करू शकतो, हे सांगणारी पडद्यावरची यादी म्हणजे मेनू. आज्ञा पाठ करून टाईप करायची नाही, समोर दिसतात त्यांतली निवडायची. आठवण्यापेक्षा ओळखणे माणसाला सोपे जाते आणि मेनूचे सारे मोल त्यातच आहे. नवा प्रोग्राम हाती आला की जाणकारही आधी त्याचे मेनू उघडून पाहतो. माहितीपुस्तिकेची पाळी नंतर येते, बहुधा येतच नाही.

झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग प्रणालीत, माऊसचे बटण दाबताच कर्सरपाशीच उघडणारे मेनू होते. पडद्याच्या वरच्या कडेला कायमची पट्टी आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या याद्या ही मांडणी ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी रूढ केली. तिच्या घडणीत ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांचा मोठा वाटा होता. ही कडेची जागा फार विचारपूर्वक निवडलेली ठरते. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडले होते. कडेला मात्र कर्सर आपोआप अडतो. माऊस कितीही जोरात वर ढकलला तरी तो पट्टीपलीकडे जात नाही.

चांगल्या मेनूची पारख बारीकसारीक गोष्टींत होते. आत्ता लागू नसलेली आज्ञा अंधुक दिसते, पण गायब होत नाही. नावापुढची तीन टिंबे सांगतात की लगेच काही घडणार नाही, आधी आणखी माहिती विचारली जाईल. उजवीकडे शॉर्टकट, म्हणजे तीच आज्ञा कीबोर्डवरून देणाऱ्या कळा, छापलेला असतो. रोज नजरेखालून गेला की तो हळूहळू बोटांत बसतो आणि त्या आज्ञेसाठी मेनू उघडावाच लागत नाही. एखाद्या ओळीतून बाजूला उघडणाऱ्या उपयादीची, म्हणजे सबमेनूची परीक्षा याहून कठीण. त्याच्याकडे कर्सर तिरपा नेताना वाटेत शेजारच्या ओळीला स्पर्श झाला आणि तो मिटला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही तिरपी वाट ओळखून सबमेनू क्षणभर उघडा ठेवणे म्हणजे वापरणाऱ्याच्या हाताचा मान राखणे होय.

जागा न बदलणे हा गुण तर सर्वांत मोठा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा आपोआप झाकल्या जात. हेतू पसारा कमी करण्याचा होता, पण यादीचा आकार वापरानुसार बदलत राहिल्याने काल दिसलेली आज्ञा आज शोधावी लागे. हाताला सवय लागते ती जागेची. ऑफिस २००७ मध्ये मुख्य प्रोग्रामांतले हे मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरच्या बाजूची बटणांची रुंद पट्टी आली.

वर्तुळाकार मेनूत प्रत्येक आज्ञेची दिशा ठरलेली असते. कॅलहन, हॉपकिन्स, वायझर आणि श्नायडरमन या संशोधकांच्या १९८८ च्या प्रयोगात आठ पर्यायांसाठी असा मेनू सरळ यादीपेक्षा जलद ठरला. पर्याय वाढले की मात्र वर्तुळात दाटी होते, त्यामुळे तो सर्वत्र चालत नाही.

मोबाईलवर मेनू बहुतेकदा तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे जातो. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी (१९८१) काढले होते. त्याने जागा वाचते, पण आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून नेहमी लागणारे चार-पाच पर्याय पडद्याच्या तळाशी उघडेच ठेवतात.