वनसंशोधनाचा नकाशा आणि ‘पाटील, एस.’

देशात वनांवर संशोधन कोण करते, कोणाबरोबर करते आणि ते कोठे छापून येते, हे समजण्यासाठी प्रत्येक शोधनिबंध वाचावा लागत नाही. लेखकांची नावे, संस्था, प्रकाशनाचे वर्ष आणि संदर्भसूची एवढाच तपशील हजारो निबंधांतून गोळा केला, की त्यातून सहकार्याचा नकाशा काढता येतो. या शास्त्राला ग्रंथमिती म्हणतात. ग्रंथालयांच्या कामाला गणिताची जोड देण्याची कल्पना ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ सालीच ‘लायब्रमेट्री’ या नावाने मांडली होती.

नकाशात प्रत्येक संशोधक म्हणजे एक ठिपका, आणि दोघांनी मिळून निबंध लिहिला की त्यांना जोडणारी एक रेघ. राधानगरीच्या जंगलातील वृक्षांवर पाच जणांनी मिळून निबंध लिहिला, तर दहा रेघा उमटतात. तीस लेखकांच्या एकाच आंतरराष्ट्रीय निबंधातून मात्र ४३५. म्हणून काही अभ्यासक प्रत्येक निबंधाचे वजन एकच धरून ते लेखकांमध्ये वाटून देतात, आणि मला हीच पद्धत अधिक न्याय्य वाटते.

खरी कसोटी लागते ती नावांच्या छाननीत. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. माहितीसंचात ‘पाटील, एस.’ असे नाव आले, तर ते सुनील, सुजाता, संभाजी की शुभांगी, हे संगणकाला कळत नाही. चार माणसांचा मिळून एक ठिपका होतो आणि कधीही न भेटलेली माणसे एकमेकांची सहकारी ठरतात. उलट, माहेरच्या नावाने प्रबंध आणि सासरच्या नावाने पुढचे निबंध लिहिणारी संशोधिका दोन ठिपक्यांत विभागली जाते, आणि तिची अनेक वर्षांची सलग मेहनत नकाशावर तुटक दिसते. २०१२ पासून मिळू लागलेला ‘ऑर्किड’ (ORCID) हा संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक यावर चांगला उपाय आहे, पण त्याआधीचे निबंध हातानेच तपासावे लागतात. संस्थांचेही तसेच आहे: डेहराडूनची १९०६ साली स्थापन झालेली वन संशोधन संस्था कोठे पूर्ण नावाने, कोठे ‘एफआरआय’ म्हणून, तर जुन्या लेखनात ‘इंपीरियल’ या बिरुदासह आढळते.

प्रकाशनांचा आलेख वर चढताना दिसला, तरी तेवढ्यावरून संशोधन वाढले असे म्हणता येत नाही. माहितीसंचात नव्या नियतकालिकांची भर पडली, तरीही आकडे वाढतात. ‘इंडियन फॉरेस्टर’ हे नियतकालिक १८७५ पासून निघते, तर शोधनिबंधांची नोंद ठेवणारा स्कोपससारखा माहितीसंच २००४ मधला. शिवाय वनविभागाच्या कार्य आयोजना (जंगल व्यवस्थापनाचे आराखडे) आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत राहिलेले कित्येक मराठी प्रबंध अशा संचांत सहसा येतच नाहीत. दाजीपूरच्या रानात संशोधकाला झाडाचे स्थानिक नाव सांगणाऱ्या, गव्यांची वाट दाखवणाऱ्या माणसाचा उल्लेख झालाच तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात होतो, आणि नकाशा मात्र लेखकांच्या रकान्यावरूनच काढला जातो.