दोन्ही 49 सीसी, दोन्ही ‘ऑटोमॅटिक’, तरी गाड्या वेगळ्या

यामाहा पीडब्ल्यू 50 आणि होंडा सीआरएफ 50 एफ या लहान मुलांच्या डर्टबाइक, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायच्या मोटरसायकली. त्यांचे तपशील शेजारी ठेवले तर पहिल्या काही ओळींत फरकच सापडत नाही. 49 सीसी, एअर-कूल्ड, एकच सिलिंडर, 10 इंची चाकं, पुढे-मागे ड्रम ब्रेक, किक मारून सुरू. वर दोन्हींच्या नावापुढे ‘ऑटोमॅटिक’. मग बरेच आईबाप रंग बघून गाडी ठरवतात.

सगळा घोळ त्या ‘ऑटोमॅटिक’ शब्दात आहे. यामाहात गिअर बदलायची भानगडच नाही. सेंट्रिफ्यूगल क्लच आहे: इंजिनाचे फेरे वाढले की आतली वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात, क्लच धरतो आणि गाडी सरकते. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की क्लच सुटतो, इंजिन नुसतं फटफटत राहतं. होंडात ऑटोमॅटिक आहे तो फक्त क्लच. गिअर तीन, आणि ते डाव्या पायाने स्वतः टाकायचे. हाताला क्लचचा लिव्हर नसतो. पायाने गिअर टाकतानाच क्लच आपोआप सुटतो. 1958 च्या सुपर कब या छोट्या मोटरसायकलपासून होंडाने जपलेली ही युक्ती.

पहिल्यांदाच बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाकडे बघा. घाबरलं की ते दोन्ही मुठी आवळतं, सायकलवर आवळतं तशाच. यामाहावर त्याने काम भागतं, कारण मागचा ब्रेक डाव्या हातात आणि पुढचा उजव्या हातात आहे. होंडावर डाव्या हाताला काहीच लागत नाही. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, आणि तो पाय नेमका तोल सावरायला जमिनीकडे गेलेला असतो. म्हणून तपशिलात सीसीपेक्षा मी ब्रेकची ओळ आधी वाचतो. अर्थात हेच पोर पुढे मोठ्या डर्टबाइकवर बसणार असेल, तर पायातला ब्रेक आणि गिअर त्याला होंडाच शिकवते.

इंजिनही एका जातीचं नाही. यामाहा टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी; होंडा फोर-स्ट्रोक. यामाहाला टू-स्ट्रोक ऑइलची वेगळी छोटी टाकी असते आणि पंप ते आपोआप मिसळतो. त्यामुळे पेट्रोलमध्ये वेगळं ऑइल घालायचं नाही. घातलंत तर धूर वाढेल आणि स्पार्क प्लग काळा पडेल. पण ती टाकी कोरडी पडू दिलीत तर पिस्टन जाम. होंडाचं ऑइल इंजिनाच्या पोटात राहतं, ते ठरावीक काळाने बदलायचं. आवाजाला होंडा सौम्य. शेजाऱ्यांसाठी हा तपशील महत्त्वाचा.

मागच्या चाकाला जोर पोचतो तो यामाहात शाफ्टने (फिरत्या दांड्याने), होंडात चेनने. चेन ताणायची, पुसायची, तेल द्यायचं. बदल्यात स्प्रोकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो. शाफ्टवाल्याला ही कटकटही नाही आणि ती मुभाही नाही.

आता उंची. यामाहाची सीट साधारण 475 मिमी, होंडाची 548 च्या आसपास. 7 सेंटीमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण या वयात दोन्ही टाचा टेकणं आणि बोटांच्या टोकांवर डुगडुगणं यातलं अंतर तेवढंच असतं. वजन यामाहाचं सुमारे 41 किलो, होंडाचं सुमारे 50. आडवी पडलेली गाडी उचलणार तुम्हीच, तेव्हा ते नऊ किलो तुमच्या खात्यात धरा. चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा मात्र उलट बाजूने बघायची: यामाहाला 25 किलो, होंडाला 40. अंगाने भरलेलं सात वर्षांचं मूल यामाहावर बसायच्या आधीच तिच्या मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं.

अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती फिरावी हे ठरवणारा छोटा स्क्रू दोन्हींच्या मुठीपाशी असतो. सुरुवातीला तो बराच आत वळवून ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर उंच फळीवर. तो स्क्रू कशासाठी आहे हे पोरांना दुसऱ्याच दिवशी कळतं.