अभिजितपासून श्वेत बटूंपर्यंत: ताऱ्याचा प्रकाश कोणत्या मापाने मोजायचा?

दुर्बिणीवरचा संवेदक मोजतो ते प्रकाशकण. त्यांचा हिशेब ऊर्जेत मांडायचा तर एखादा तारा असा हवा, की त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, आधीच पक्का माहीत आहे. १९७०च्या दशकात हा मान अभिजितचा (व्हेगा) होता. दूर अंतरावर टंगस्टनचा दिवा किंवा तांब्याच्या वितळणबिंदूवर राखलेली भट्टी ठेवायची आणि एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने ती आणि अभिजित पाहायचे. दिव्याचा प्रकाश आडव्या हवेतून येणार, ताऱ्याचा वरून. घोळ व्हायचा तो बहुतेक इथेच. अतिनील प्रकाश तर बहुतांशी जमिनीपर्यंत पोचतच नाही.

शिवाय अभिजित साधा तारा नाही. १९८३ मध्ये त्याच्याभोवतीची धूळ सापडली. पुढे कळले, की तो वेगाने फिरतो आणि त्याचा ध्रुव आपल्याकडे आहे, म्हणून विषुववृत्तापेक्षा तापलेला भागच आपल्याला जास्त दिसतो. मोठ्या दुर्बिणींना तो झेपतही नाही, इतका तेजस्वी.

हबल दुर्बिणीच्या काळात, १९९०च्या दशकात, पर्याय रुळला तो उष्ण श्वेत बटूंचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांचा. पृष्ठावरचे गुरुत्व पृथ्वीच्या हजारो पट, त्यामुळे जड मूलद्रव्ये बुडतात आणि वर जवळजवळ निव्वळ हायड्रोजन उरतो. वर्णपटातल्या हायड्रोजनच्या गडद रेषांच्या रुंदीवरून तापमान आणि गुरुत्व काढायचे. बाकी वर्णपट गणिती मॉडेलमधून मिळतो. रेषांचा आकार शेजारच्या प्रकाशाच्या तुलनेत वाचतात, म्हणून ज्या कॅलिब्रेशनसाठी (संवेदकाचे माप पक्के करण्यासाठी) हा खटाटोप, त्याचीच उसनवारी फारशी करावी लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

सुरुवातीला निवडलेल्या चार श्वेत बटूंपैकी एचझेड ४३ला अगदी जवळ एक लाल सोबती असल्याने तो मागे पडला. उरले जीडी ७१, जीडी १५३ आणि जी१९१-बी२बी. तापमाने सुमारे ३३, ४० आणि ६० हजार केल्विन.

गोंधळ आहे तो 'निरपेक्ष' या शब्दाचा. या पद्धतीला सर्रास निरपेक्ष कॅलिब्रेशन म्हणतात, पण मॉडेल सांगते ते फक्त वर्णपटाचा आकार: निळ्यात किती, त्याच्या तुलनेत अवरक्तात किती. एकूण पातळी ठरवायला ५५५.६ नॅनोमीटरजवळचे अभिजितचे मोजमापच लागते, म्हणजे पुन्हा तोच दिवा. अलीकडे त्याची सांगड उपग्रहाने मध्य-अवरक्तात घेतलेल्या मोजमापांशी घातली आहे, तरी अभिजित निवृत्त झाला हे म्हणणे खरे नाही.

'शुद्ध हायड्रोजन' हेही पूर्ण खरे नाही. जी१९१-बी२बीच्या अतिनील वर्णपटात लोह आणि निकेलच्या रेषा आहेत. प्रखर किरणांच्या दाबामुळे ते अणू वर तरंगतात. त्याला यादीत ठेवावे का, यावर बरीच चर्चा झाली. तिघांतला सर्वांत तेजस्वी तोच, म्हणून तो टिकला; मॉडेलमध्ये धातू घालावे लागले. २०२० मध्ये दोन स्वतंत्र संगणक-प्रणालींची गणिते १५० नॅनोमीटरपासून ३० मायक्रॉनपर्यंत एक टक्क्यात जुळली.

अधिनवताऱ्यांवरून (ताऱ्यांच्या स्फोटांवरून) कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा, मोजणाऱ्यांना आता एक टक्क्याची चूकही जास्त वाटते. नव्या महाकाय दुर्बिणींना ११ ते १३ प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) हे तिघेही डोळे दिपवणारेच, म्हणून १६ ते १९ प्रतीच्या मंद श्वेत बटूंचे जाळे त्यांच्याशी ताडून तयार केले आहे.